हॉलंडची बाई

सेलूच्या लिंगराजशेठनं हैदराबादेहून हॉलंडच्या शिवाराचं मोठं चित्र आणून बैठकीत टांगलं. जो तो येऊन त्यातलं आभाळ, पवनचक्की, धष्टपुष्ट गाई बघायचा आणि "क्या बात है, शेठ!" म्हणत मान डोलवायचा. रोज चित्र पुसणाऱ्या त्यांच्या बायकोला, महानंदाला मात्र लांबच्या वाटेनं निघालेली बाईच तेवढी दिसायची.

एकदा धीर करून तिनं नवऱ्याला विचारलं, "ही एकलीच चाललीय, हिला कुणी अडवत न्हाई का वो? मग मी बी अशीच बोरीला जाऊन आईला बघून येऊ का?"

शेठ नुसते हसले. त्या हसण्यालाच होकार समजून तिनं लुगडी बांधायला काढली.



दुसऱ्या दिवशी चित्र पुसताना फडक्याला ओला रंग लागला. पाट्या रंगवणाऱ्याकडून शेठनं त्या बाईच्या पुढं एक फेटेवाला पुरुष चितारून घेतला होता.