बरणीतला शेवंड

डॉक्टर शितोळेंनी बरणी उचलली तशी प्राणिशास्त्र शिकवणारी रश्मी एक पाऊल पुढं सरकली.

बरणीवर चिठ्ठी होती, 'आंधळा शेवंड'. खोल समुद्राच्या तळाशी राहणारा, डायनासोरच्या काळापासून घराणं टिकवून असलेला, जिवंत जीवाश्म म्हणतात तसला, मोठ्या कोळंबीसारखा प्राणी. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं तो दौंडच्या या कॉलेजला दिला होता. पार शिरूरहून पोरं त्याला बघायला यायची. प्राणिशास्त्र विभागाची सगळी अब्रू त्या एका बरणीत होती.

आता त्या बरणीत भीमेचा झिंगा होता. रश्मीनंच तो मासळी बाजारातून आणला, ब्लेडनं त्याचे डोळे काढले आणि नमुने टिकवायच्या औषधात सोडला.

झालं होतं असं. खंडेनवमीला लॅबची पूजा असते. सूक्ष्मदर्शकांना झेंडूच्या माळा, टेबलाला हळदकुंकू. शिपाईकाम करणाऱ्या सगुणाबाईनं त्या दिवशी हौसेनं ही बरणीसुद्धा घासली आणि आतलं औषध मोरीत ओतून नळाचं पाणी भरलं. सुट्टी संपवून रश्मीनं लॅब उघडली तेव्हा नाकाला पदर लावावा लागला; शेवंड पार सडून गेला होता.

"पिवळं पडलं व्हतं वो पाणी, डोळ्याला झोंबत व्हतं," सगुणाबाई रडत म्हणाली. "म्हणलं, पूजेला असलं कसं ठिवायचं?"

दिवाळीनंतर तिची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. विधवा बाई, घर तिच्या एकटीच्या पगारावर. प्राचार्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. रश्मीला तिची फार दया आली, म्हणून तिनं हा उद्योग केला. आणि नेमके नमुने तपासायला पुण्याहून विद्यापीठाचे डॉक्टर शितोळे आले. त्यांच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही, अशी त्यांची ख्याती.

ड्रायव्हर भैरूनं त्यांना कोपराला धरून अदबीनं वर आणलं आणि तो गाडी वळवायला खाली गेला. सगुणाबाईनं समोर चहा ठेवला. डॉक्टरांनी चहाकडे बघितलंसुद्धा नाही. रश्मीकडेही नाही, तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी बघत ते बोलत होते. माणूस चिडलेला असला की असाच बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

त्यांनी बरणी गोल फिरवली. पुन्हा फिरवली.

"तुम्हीच शिकवता ना हे? मग सांगा. चिमट्यांच्या जोड्या किती?"

झिंग्याला दोनच होत्या, आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. खऱ्या शेवंडाला चार. रश्मीनं डोळे मिटले.

"चार, सर."

"बरोबर. आणि डोळे?"

"नसल्यातच जमा. तळाशी अंधारच असतो, तिथं त्यांची गरज पडत नाही."

"गरज पडत नाही!" डॉक्टर हसले. ते हसू काही तिला बरं वाटलं नाही. "चाचपून भागवत असेल बिचारा."

मांजर उंदराला खेळवतं तसा हा माणूस आपल्याला खेळवतोय, याची तिला खात्री पटली. दाराशी उभ्या सगुणाबाईचा पदर तोंडाशी गेला होता.

डॉक्टरांनी बरणी छातीशी धरली. "उत्तम नमुना. मी तसंच कळवतो."

सगुणाबाईनं तिथूनच हात जोडले. रश्मीचा मात्र विश्वास बसेना.

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले. सगुणाबाई दार सताड उघडं टाकून गेली. व्हरांड्यातलं ऊन थेट टेबलापर्यंत आलं.

"मॅडम," त्यांचा आवाज खाली आला, "एक गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

संपलं. "सर, बाईंचा काही दोष नाही. जे केलं ते मी—"

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"निवृत्तीला चार महिने राहिलेत माझ्या. तेवढे निभावून न्यायचेत. आत्तापर्यंत एका भैरूशिवाय कुणाला पत्ता नाही." त्यांनी बरणी पुढं केली, ती रश्मीपासून हातभर लांब, रिकाम्या हवेत. "ही घ्या. आणि मला जरा सांगता का, दार कुठल्या बाजूला आहे?"