हवा कमी, पेट्रोल जास्त

तीन दिवसांत तिसऱ्यांदा शेषरावांची गाडी मेडशीहून गॅरेजात आली, तेव्हा अश्वजितनं सुस्कारा टाकून लॅपटॉप उघडला. लॅपटॉप घेतल्यापासून त्याचे हात काळे होणं बंद झालं होतं. स्टीअरिंगखाली वायर जोडली की इंजिनाचं सगळं दुखणं पडद्यावर दिसायचं. आजही तेच दिसलं: हवा कमी, पेट्रोल जास्त. दोनदा त्यानं सेटिंगमध्ये पेट्रोल घटवलं होतं आणि दोनदा गाडी काळा धूर सोडत परत आली होती.

"चढावर दम टाकून राह्यली अजून," शेषराव म्हणाले. सोयाबीनची मळणी तशीच सोडून ते आले होते. धुळीसाठी नाकातोंडाला बांधलेला रुमाल आता गळ्यात लोंबत होता. "आमच्या पोरीचे, रूपाचे, दिवस भरले हायेत, बापू. उद्या तिले अकोल्याले न्या लागते. घाटात बंद पडली त मंग?"

अश्वजितनं डोळे चोळले आणि पेट्रोल आणखी थोडं घटवलं. 

एवढ्यात मागच्या सीटवरून शेषरावांची बायको, विमलबाई, हळूच खाली उतरली.



"तुह्यं झालं का बोनट उघडजो, बापू. मळणीचा भुसा लई उडते, मनून आपल्यावानी गाडीच्याई नाकाले, त्या हवेच्या पाइपाले, फडकं बांधलं होतं मी. तेवढं धुवून पुन्हा बांधा लागते."