एकाच जोडीच्या दोन ओळी

दवाखान्यातल्या नोंदी सांभाळणाऱ्या जेबानं पुन्हा मोजलं. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन दवाखान्यात आलेल्या माणसांच्या नोंदी तिच्या संगणकात होत्या. गावाप्रमाणे गट पाडले, तर कुठे दोन, कुठे तीन. फवारणीच्या औषधाप्रमाणे पाडले, तरी कोणतंही एक औषध पुढे येईना. वार्डातल्या खाटा केव्हाच संपल्या होत्या, दोघं दगावले होते. नवी माणसं व्हरांड्यात सतरंजीवर पडून डोळे चोळत होती.

तिनं गट पाडायच्या 'ग्रुप बाय' या आज्ञेपुढे दोन्ही रकाने टाकले, पहिलं औषध आणि दुसरं औषध. तरी एकच एक जोडी उठून दिसेना; वर दोन ओळी, सव्वीस आणि बावीस. मग ध्यानात आलं. कुणी बाटलीतलं औषध आधी सांगितलं होतं, कुणी पुडीतलं. जोडी एकच, पण संगणक ती दोन ओळींत वेगळी मोजत होता. तिनं उलटसुलट जोड्या एक केल्या आणि एन्टर दाबलं.

एकाच जोडीची एक ओळ वर आली. अठ्ठेचाळीस माणसं. तिच्या खालच्या ओळीत पाच.

डॉक्टर विजयमाला मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि उभ्या उभ्याच वरच्या साहेबांना फोन लावला. जेबाला बसवेना. ती बाटली आणि ती पुडी तिनं शेजारीशेजारी मांडलेली पाहिली होती, बाभुळगावला, सख्ख्या भावाच्या कृषी केंद्रात. कलीम फोन उचलत नव्हता. तिनं जीप धरली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. कलीम त्याच्यासाठी नेमकी तीच पुडी काढत होता.

"भाई, हे दोन्ही संगं देऊ नको."

"काहून? अळी मरून राह्यली ना त्यानं. सारेच देतात."

"मानसंही मरून राह्यली."

"कोन म्हनते?"

"मी मोजून आली."

कलीमनं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. पुडी परत खोक्यात टाकली, गिऱ्हाइकापुढची बाटलीही मागे ओढली. मग त्याचा हात तसाच बाटलीवर राहिला.

"उकंडाकाकाले सकाळीच दिली न मी. एकाच पंपात टाका म्हनलं."

दुकान गिऱ्हाइकाच्या भरवशावर टाकून दोघं मोटारसायकलवर निघाली. वाटेत कलीमनं एकदा नुसतं विचारलं, "त्या अठ्ठेचाळीसात आपल्या दुकानचे किती?" जेबानं ते मोजलं नव्हतं.

उकंडाच्या वावराकडे कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. आत माणूस दिसत नव्हता. चहूकडे पेट्रोलवर चालणारे फवारणीचे पंप घरघरत होते आणि हिरव्या पानांवर धुकट फवारा उडत होता, इथे, तिथे, नाल्यापल्याड. उकंडा कोणत्या फवाऱ्याखाली, कळेना.

कलीम धुऱ्याच्या उंच बांधावर चढून ओरडला, "काका, बंद करा! बंद करा!" जेबाही घसा फाटेस्तोवर ओरडली.

एक पंप थांबला. बाकीचे चालूच होते.