शेवटचं प्रकरण

घरी न्यायला बंदी असलेली जाडजूड रहस्यकादंबरी रोज संध्याकाळी गायब व्हायची. कधी शिंपीणकाकू ती पाककृतींच्या पुस्तकांमागे दडवायच्या, कधी निवृत्त पोस्टमास्तर कायद्याच्या कपाटात. आपल्याआधी दुसऱ्याने संपवू नये, एवढाच हेतू! ग्रंथपालबाई सकाळी ती हुडकून जागेवर ठेवायच्या आणि दोघांनाही फैलावर घ्यायच्या, “वाचनालय आहे की लपंडावाचं मैदान?” आज दोघांचंही शेवटचं प्रकरण उरलं होतं. दार उघडताच दोघं धावले, पण पुस्तक कुठेच नव्हतं. “तुम्हीच लपवलंत!” “चोराच्या उलट्या बोंबा!” शब्दाने शब्द वाढला. “शांतता राखा. दुपारपर्यंत सापडेल,” बाई खुर्चीतून न हलता म्हणाल्या. मापं घेण्यात हयात गेलेल्या काकूंनी डोळे बारीक केले. “बाई, आज तुम्ही खुर्चीत चार बोटं उंच कशा?” बाई ओशाळल्या, पण उठल्या नाहीत. “माझंही शेवटचं प्रकरण उरलंय. तेवढा खुनी कळू द्या, मग देते.”