वरच्या पायरीवरचं कासव

किल्ल्याच्या बागेतल्या हौदात निजामाच्या काळातलं कासव आहे, पाणी बिघडलं की वरच्या पायरीवर येऊन बसतं, असं मी, इथल्या माळ्यानं, पाणी तपासणाऱ्या नाझनीन मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या हसल्या. आज यंत्रानं वरचं पाणी पास केलं. दुपारी जत्रेतली लेकरं हौदात पोहणार होती. सामान आवरताना मॅडमना वरच्या पायरीवर कासव दिसलं. “सटवाजीमामा, हे इथं कसं?” “मला काय इचारता? त्यालाच इचारा की!” त्यांना राहवेना. ओढणी खोचून त्या खालच्या पायरीपर्यंत उतरल्या, खोलातून दुसरी बाटली भरली. त्यात गटाराचं पाणी निघालं. पोहणं रद्द झालं. नोंदवहीत ‘कसे कळले’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘कासव’. चार दिवस हा माळी ‘वास येतोय’ म्हणून ओरडला, कुणी ऐकलं नाही. शेवटी सकाळी कासव मीच वर ठेवलं. लई जड बेटं!