चूक सापडेना

या, असे पुढे सरकून बसा. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा नाही, आणि गोष्टही हळूच सांगायची आहे. एका माणसाची सांगतो, ज्याला सगळं ठीक चाललेलं नको होतं.

दुपारचे चार वाजले होते. म्हातारा घड्याळजी कॉम्प्युटरसमोर बसून चूक शोधत होता. एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांच्या हाती जायच्या आधी काही हजार लोकांना वापरून बघायला दिली होती, त्यांतला तो एक. वापरा आणि खटकेल ते कळवा, एवढंच काम. आज शेवटचा दिवस. सहा वाजता कळवायची सोय बंद होणार होती.

लोकांनी मनसोक्त कळवलं होतं. कुणी म्हणे, रंग डोळ्यांत जातात. कुणी म्हणे, बंद करायचं बटण चोरीला गेलं. एकानं नुसतंच लिहिलं होतं, जुनं होतं ते काय वाईट होतं?

घड्याळजीनं दोन महिन्यांत एकेचाळीस चुका दाखवल्या होत्या. पहिली अशी की लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की पडद्यावरचं घड्याळ तीन सेकंद मागे राहतं. दुसऱ्या दिवशी विचारणा आली, "कोणत्या घड्याळाशी ताडून पाहिलंत? तपासनीस सात." दुकानातल्या लंबकाच्या, असं त्यानं कळवलं. त्यावर एवढंच आलं, "मग बरोबर असणार."

सात नंबरच्या टेबलावर त्याची मुलगी बसते, हे त्याला बहिणीकडून कळलं होतं. बापलेकीचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. कशावरून ते विचारू नका, आता त्या दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

चांगलं म्हटलं की यंत्र आभार मानायचं, चूक दाखवली की माणूस उत्तर द्यायचा. म्हणून तो रोज उठून चूक शोधायचा. मुलगी ती दुरुस्त करायची. अशानं व्हायचं तेच झालं. शेवटच्या आवृत्तीत काही केल्या काही बिघडेना.

बहिणीनं चहाचा कप त्याच्या कोपराशी ठेवला.

"दादा, मिळाली का रे एखादी?"

"नाही गं. अक्षर मोठं केलं, लहान केलं, छापून बघितलं, तारीख पुढच्या लीप वर्षात नेली. हूं की चूं नाही."

"मग दे एखादी ठोकून. तिथे कोण पुरावा मागतंय."

"खोटी लिहिली तर ती शोधत बसेल. नसलेला बिघाड शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. गिऱ्हाईक म्हणायचं, घड्याळ मागे पडतंय. आठ-आठ दिवस मी ते उघडून बसायचो. शेवटी कळायचं, गिऱ्हाईकच उशिरा उठतंय."

"मग फोन कर सरळ."

त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "फोनवर काय बोलायचं? इथे निदान विषय असतो."

"बापाला लेकीशी बोलायला विषय लागतो होय."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. गाऱ्हाणं घेऊन देवाच्या दारी जाणाऱ्याकडे गाऱ्हाणंच उरलं नाही, तर तो पायरीशी घुटमळतो. तसा तो एकेक खिडकी उघडत होता, मिटत होता. चहावर साय धरली.

साडेपाचला त्यानं खरं तेच लिहिलं. "आज चूक सापडली नाही. सगळं नीट चालतंय. काम चांगलं झालं आहे." त्याखाली आणखी एक चौकोन होता, आणखी काही सांगायचं आहे का? त्यात त्यानं चार शब्द लिहिले, पुसले, आणि तो रिकामाच ठेवून पाठवून दिलं.

बोट उचलायच्या आत उत्तर आलं. "आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत." हे यंत्राचं होतं.

"बंद करू?" बहिणीनं विचारलं.

"सहा वाजू देत."

तीही मग कप हातात धरून तिथेच उभी राहिली. सहाला चार मिनिटं कमी असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उगवली, मग तिच्याखाली आणखी.

"तपासनीस सात. चूक नाही, हे इथे पटत नाही. तुमच्या नजरेतून काहीतरी सुटलं असणार. तुमची ही नोंद बंद केलेली नाही. सहानंतरही, नवी आवृत्ती सगळ्यांकडे गेल्यानंतरही, इथे लिहिता येईल. सवडीनं बघा. घाई नाही."

तो वाचतच राहिला.

"काय म्हणते?" बहिणीनं विचारलं. तिचा चष्मा आत राहिला होता.

"म्हणते, मला नीट दिसलेलं नाही."

"खरं आहे तिचं," ती म्हणाली, आणि त्याला दिसावं म्हणून तिनं दिवा लावला.

घड्याळजीनं खुर्ची पुढे ओढली आणि अगदी पहिल्या खिडकीपासून पुन्हा सुरुवात केली.

झालं, एवढीच गोष्ट. आता तुम्ही घरी जाल, आणि एखाद्या सकाळी तुमचाही कॉम्प्युटर नव्या रूपात उघडेल. सगळं जिथल्या तिथे सापडेल, घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर असेल. तेव्हा कामाला लागण्याआधी सात नंबरच्या टेबलावरच्या त्या मुलीची क्षणभर आठवण काढा. बाकीच्या साऱ्या नोंदी तिनं मिटवल्या आहेत. एक मात्र ती रोज सकाळी आल्या आल्या उघडून बघते.