शेवंताबाईंना ती जागा बघायची होती

“हितंच का?” शेवंताबाईंनी विचारलं.

रूपेशनं मान हलवली. खाली काळ्या खडकांवर लाटा आपटून फुटत होत्या. मागं दाभोळचं जुनं बंदर, धक्क्याजवळची मशीद, खाडी ओलांडणारी फेरीबोट. सहा वर्षांपूर्वी हेच सगळं बघायला तो आणि शेवंताबाईंचा मुलगा मिथुन जुईनगरहून बाइकवर आले होते. घरच्यांनी ठरवलेलं मिथुनचं लग्न आठवड्यावर आलं होतं. मिथुन एकटाच खडकांवर गेला आणि लाटेनं ओढला, असं रूपेशनं सगळ्यांना सांगितलं होतं.

खरं तर फोटोसाठी त्याला खाली रूपेशनंच पाठवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला म्हणून पाठ फिरवली. वळून पाहिलं तर खडक रिकामा.

तेव्हापासून शेवंताबाईंचा दवाखाना, रेशन, गणपतीतलं मखर, सगळं रूपेशकडे. स्वतःसाठी आलेली स्थळं तो टाळत राहिला. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं गावात कुणी म्हटलं की तो तिथून उठून जायचा.

“मावशी, त्याला खाली मीच पाठवलं,” तो म्हणाला. “फोटो काढायला. मी तुमच्याशी खोटं बोललो.”

शेवंताबाई रडल्या नाहीत. समुद्राकडे बघत राहिल्या.

“त्यो पट्टीचा पवनारा व्हता रं.”

“त्या दिवशी समुद्र खवळला होता, मावशी.”

“आन् तू लगीन नाय केलंस. त्याच्यापायीच ना?”

रूपेश पाया पडायला वाकला, तर त्यांनी पाय मागं घेतले.

“माज्या पाया नको परू.”

माफी मिळायची नाही, हे त्याला कळलं. परतीच्या वाटेवर मंडणगडचा बाजार आला, तशी शेवंताबाईंनी गाडी थांबवायला लावली.

“हितं वलखीचं घर हाय. पानी पिऊ. तूबी चल.”

“मी थांबतो गाडीत.”

“चल म्हन्ते ना.”

गल्लीच्या टोकाला एक कौलारू घर होतं. शेवंताबाईंनी कडी वाजवली.

मुलीला कडेवर घेतलेल्या माणसानं दार उघडलं. त्यांना बघून तो हसला. मग त्याची नजर मागं गेली.

“आये,” मिथुन म्हणाला, “याला कशाला आनलंस?”